मुंबईला ऐकू गेले पाहिजे

ऐंशीच्या दशकात आदिलाबादेत टेलिफोनवर बोलणे हे अंगमेहनतीचे काम होते. एक्स्चेंजमध्ये कॉल नोंदवायचा, तो लागेपर्यंत वाट पाहायची, आणि लागला की पोटातून श्वास ओढून ओरडायचे. ओरडण्याचे प्रमाण अंतरावरून ठरे. शेजारच्या मावल्याला फोन करायची गरज नसे, तिथे सायकल जाई. निर्मलसाठी माणूस आवाज जरा चढवी, हैदराबादसाठी खुर्चीतून उठे, आणि मुंबईसाठी एका कानात बोट घालून डोळे मिटून घेई. पलीकडून आलेला प्रत्येक शब्द परत मोठ्याने म्हणायचा, अशीही रीत होती. लाइन मध्येच बुडत असे, म्हणून ऐकलेले बरोबर आहे याची खात्री करून घ्यावी लागे. एकाच संभाषणातल्या दोन्ही बाजू अशा प्रकारे एकाच तोंडातून बाहेर पडत.

या विद्येत गावातला सर्वांत तरबेज माणूस म्हणजे गंजातला एक कापूस-दलाल. गंज म्हणजे आमच्याकडचा बाजार. मार्केट यार्ड हा शब्द सरकारी पाटीवर होता, लोकांच्या तोंडी नव्हता. दलालाला सगळे शेठ म्हणत. मुंबईच्या एका पेढीसाठी तो कापूस खरेदी करी. त्याचा मुंबईचा कॉल लागला की एक्स्चेंजच्या आवारातल्या चिंचेवरचे कावळे उडत, असे तिथला लाइनमन सांगे. शेठला ही स्तुती वाटे, आणि ती स्तुतीच होती.

त्याचा दुसरा हुन्नर याच्या अगदी उलट होता. गंजात कापसाचा सौदा तोंडाने होत नसे. शेठ शेतकऱ्याच्या बैलबंडीजवळ जाई, मूठभर कापूस उपसून बोटांनी तंतू ओढून पाही, मग खांद्यावरचा दुपट्टा काढून आपल्या आणि शेतकऱ्याच्या हातावर टाकी. पुढचे सगळे दुपट्ट्याखाली. इतकी बोटे दाबली म्हणजे इतके, अर्धे बोट धरले म्हणजे त्याचे अर्धे. मराठी, तेलुगू आणि हिंदी बोलणाऱ्या या बाजारात बोटांना भाषांतर लागत नसे. चेहरे दोघांचेही देवळात उभे राहिल्यासारखे असत. दुपट्टा उचलला की भाव त्या दोघांनाच माहीत. पुढच्या बंडीला दुसरा भाव, त्याच्या पुढच्या बंडीला तिसरा. शेठचा सगळा धंदा दुपट्ट्याखालच्या त्या वीतभर अंधारात चालत असे.

नव्वदचे दशक सुरू झाले आणि गंजाच्या दारासमोर एसटीडी बूथ आला.

बूथ ज्याला मंजूर झाला तो तिशीकडे झुकलेला, बी.कॉम. झालेला तरुण होता. लहानपणी पोलिओने त्याचा एक पाय गेला होता. त्याचे घराणे फार पूर्वी इकडे येऊन स्थायिक झालेले मराठी घराणे. वडील तहसिलीतून निवृत्त झालेले. नोकरीसाठी त्याने बऱ्याच दरख्वास्ती केल्या होत्या. अपंगांच्या कोट्यातून मंजूर झालेली ही पहिलीच. जागा शेठने दिली, आपल्या दुकानाचा रस्त्याकडचा ओटा. भाडे घेतले नाही. अट एकच: कितीही रांग असो, शेठचा कॉल आधी.

उद्घाटनाला टेलिफोन खात्याचे एक अधिकारी हैदराबादहून आले. मी तेव्हा नदीपलीकडून, म्हणजे महाराष्ट्रातून, निघणाऱ्या एका मराठी वर्तमानपत्राचा आदिलाबादचा बातमीदार होतो. साहेबांचे भाषण मी उतरवून घेतले. ते म्हणाले, अंतर आता संपले आहे. उद्या जैनथ गावचा शेतकरी शेतातून थेट मुंबईशी बोलेल. नवे तंत्रज्ञान व्यापाराचा चेहरामोहरा बदलून टाकील आणि मधला माणूस शिल्लक राहणार नाही. टाळ्यांची सुरुवात मधल्या माणसानेच केली. साहेबांना हारही त्यानेच घातला होता आणि नारळही त्याच्याच हाताने फुटला होता. ही बातमी मी दिली. ती हाराच्या फोटोसह छापून आली.

जैनथच्या शेतकऱ्याने मुंबईला फोन केला नाही. मुंबईत त्याच्या ओळखीचे कोणी नव्हते, आणि असते तरी कापूस तिथे पोचवणार कोण, हा प्रश्न भाषणात आला नव्हता. शेतकरी फक्त बूथसमोरच्या बाकावर येऊन बसू लागला. बाक सावलीत होता, शेजारी चहाची गाडी होती, आणि गंजाचे दार दहा पावलांवर होते.

बूथ म्हणजे काचेची एक उभी पेटी. आत फोन, वर लाल आकडे पळणारे यंत्र, बाहेर काउंटरवर बिल छापणारे दुसरे यंत्र. लाइन इतकी स्वच्छ की पलीकडचा माणूस खोकला तर आपण मागे सरावे. शेठ रोज सकाळी सौदे सुरू व्हायच्या आधी येई, पेटीत शिरे, मुंबई लावी, एका कानात बोट घाली आणि डोळे मिटून, गेली कित्येक वर्षे ओरडत होता तसाच ओरडे. पलीकडचा भाव सांगे. शेठ रीतीप्रमाणे तो आकडा मोठ्याने परत म्हणे, आणि खात्रीसाठी आणखी एकदा. मग बिल घेऊन गंजात जाई, बंडीजवळ उभा राही, आणि कोणाला काही कळू नये म्हणून हातावर दुपट्टा टाकी.

बाकावर मीही असे. बातमी फोनवर सांगायची सोय मला याच बूथने करून दिली होती. त्याआधी ती पाकिटात घालून बसच्या ड्रायव्हरकडे द्यावी लागे. माझा नंबर शेठच्या नंतर लागे, त्यामुळे मुंबईचा भाव मलाही रोज कळे. माझ्याकडे कापूस नव्हता.

बाकावरचे सर्वांत नियमित माणूस म्हणजे जैनथकडची एक विधवा शेतकरीण. पन्नाशीची, तोंडात तंबाखू, स्वतःची बंडी स्वतः हाकणारी. तिला सगळे मावशी म्हणत. कापूस ती एकदम आणत नसे, थोडा थोडा आणी. दुपट्ट्याखालून तिने हात मागे ओढलेला मी पहिल्यांदा पाहिला, तेव्हा शेठ क्षणभर बोटे तशीच धरून उभा राहिला.

"काऊन? काल तं याच भावात देल्ता," शेठ म्हणाला.

"काल देल्ता. आज मुंबईवाला चढला."

"तुले कोनं सांगतलं?"

"वारा सांगते, शेठ. पोटी लेकरू नाई माह्या, पन कान हायेत."

आजूबाजूचे हसले. शेठने बोटे वाढवली. पुढच्या बंडीवरही तेच झाले, त्याच्या पुढच्याही. सगळ्या बंड्यांना एकच भाव द्यावा लागण्याची वेळ त्याच्यावर पहिल्यांदाच आली होती, आणि तो भाव मुंबईच्या फार खाली जाईना.

शेठने तपास सुरू केला. आधी त्याने रेडिओवर संशय घेतला, मग एक्स्चेंजवर, मग समोरच्या दुकानातल्या दुसऱ्या दलालावर. एके दिवशी तो माझ्याकडे आला.

"बातमीदार, तुमी तं छापून नाई राह्यले ना भाव?"

आमच्या वर्तमानपत्रात कालचा भाव उद्या छापून येतो आणि नदी ओलांडून ते इथे परवा दुपारी पोचते, हे मी त्याला समजावून सांगितले. त्याचे समाधान झाले. माझे झाले नाही.

शेवटी तो बूथवाल्याकडे वळला, कारण बाकी कोणी उरले नव्हते.

"भाव इथूनच फुटून राह्यला. तू आयकतं अन सांगतं," शेठ म्हणाला. "संक्रांतीपर्यंत पाहातो. बंद नाई झालं तं माहा ओटा खाली कर."

ओटा खाली करणे म्हणजे काय, हे बूथवाल्याला नीट माहीत होते. लाइन त्याच पत्त्यावर मंजूर होती. पत्ता बदलायचा तर पुन्हा दरख्वास्त आणि पुन्हा वाट. त्याहून जवळची गोष्ट म्हणजे माघात त्याचे लग्न ठरले होते. मुलगी पैनगंगेपलीकडची. मुलीच्या वडिलांनी येऊन घर पाहिले नव्हते, बूथ पाहिला होता. कुठून कुठे लागतो ते विचारले, नागपूरला स्वतः एक फोन लावून पाहिला, लागल्यावर मान हलवली आणि मग पायाकडे न पाहता सुपारी फोडली. पत्रिका छापून आल्या होत्या. त्यांच्या खाली संपर्कासाठी बूथचा नंबर होता. गठ्ठा काउंटरखाली तसाच पडून होता. ओट्याचे ठरेपर्यंत एकही वाटायची नाही, असे त्याच्या वडिलांनी सांगितले होते.

भाव कसा फुटतो ते त्याला ठाऊक होते. मला ठाऊक होते, चहावाल्याला ठाऊक होते, बाकावरच्या प्रत्येकाला ठाऊक होते. शेठच्या मुनीमालाही ठाऊक होते. ज्यांचा फायदा होता ते सांगणार नव्हते, आणि ज्याचा तोटा होता त्याला सांगायची छाती कोणात नव्हती. कारण सांगायचे म्हणजे त्याच्या आवाजाबद्दल सांगायचे.

बूथवाल्याने तरी प्रयत्न केला. दुसऱ्या दिवशी शेठ पेटीतून बाहेर आल्यावर तो काउंटरला धरून उभा राहिला.

"शेठजी, राग मानू नका. या लाइनवर ओरडायची गरज नाही. हळू बोललं तरी जातं. तुमी बोलता ते बाहेर..."

"हळू बोलू?" शेठ म्हणाला. "मुंबई काय तुह्या मावशीचं घर हाय, कानात सांगाले? तुहा जलम नव्हता झाला तवापासून मी मुंबईसंग बोलून राह्यलो. एकदा बी त्यायले आयकू नाई गेलं असं झालं नाई."

"पण शेठजी, काच पातळ आहे."

हे मात्र शेठला पटले. दोष काचेचा असेल तर त्यावर इलाज होता, आणि कापसाच्या व्यापाऱ्याला सुचावा तोच इलाज त्याला सुचला. त्याने गोदामातून एक बोजा कापूस पाठवला आणि गाद्या भरणारा पिंजारी बोलावला. पिंजाऱ्याने दिवसभर बसून पेटीच्या तिन्ही बाजूंना आणि छताला आतून गाद्या ठोकल्या. दाराला अर्धी गादी लावली, कारण पूर्ण लावल्यावर दार मिटेना. बाहेरून पेटी आजारी माणसाला गुंडाळल्यासारखी दिसू लागली. आत शिरलेल्याला स्वतःचा आवाज लांबून आल्यासारखा वाटे. माझ्या बातमीतली नावे मला संपादकांना दोनदा सांगावी लागत. ती त्यांना पहिल्याच वेळी ऐकू जात होती, मलाच येत नव्हती.

शेठच्या बाबतीत परिणाम वेगळा झाला. आपला आवाज गादीत मुरतो आहे असे त्याला वाटले, म्हणून त्याने तो आणखी चढवला. थोड्या वेळात घामाघूम झाला, म्हणून त्याने पायाने दार ढकलून उघडे धरले. त्या दिवशीचा मुंबईचा भाव बाकावरच काय, चहाच्या गाडीपलीकडच्या सायकलच्या दुकानातही ऐकू गेला. सायकलवाल्याने आपली कापसाची दोन पोती त्याच दिवशी गंजात नेली.

संक्रांत जवळ आली. बूथवाल्याने मला विचारले, हे सगळे छापता येईल का. शेठ मराठी वर्तमानपत्र वाचतो. छापलेले पाहून कदाचित ऐकेल. एक माणूस मोठ्याने बोलतो ही बातमी होत नाही, असे मी त्याला सांगितले. "खरंय," तो म्हणाला, आणि काउंटरखालच्या गठ्ठ्याला पाय लागला म्हणून त्याने वाकून तो आत सरकवला.

भोगीच्या आदल्या सकाळी शेठ नेहमीच्या वेळी आला, पण पेटीत शिरला नाही. मागे मुनीम होता. मुनीम साठीचा, सडपातळ माणूस. ट्रंक कॉलच्या काळात शेठने त्याला कधी फोनला हात लावू दिला नव्हता, त्यामुळे ओरडण्याची सवय त्याला लागलीच नव्हती.

"मुनीमजी, आज तुमी बोला," शेठ म्हणाला. "मी बाहीर बसतो. पाह्यतो ना, कसं आयकू येते ते. दूध का दूध, पानी का पानी."

  नंबर बूथवाल्याने स्वतः फिरवून दिला.

शेठ बाकावर येऊन बसला. त्या बाकावर तो कधीच बसला नव्हता. मावशी सरकली.

"या शेठजी, इकडं बसा. तिकडं उन्ह लागते."

"तुमी लोक इथं रोज काय करून राह्यले?"

"फोनची वाट पाह्यतो."

"कोनाचा फोन?"

"जावयाचा. नांदेडले हाय ना माहा जावई."

"आला काय कधी?"

"नाई आला. पन येईन."

"जावई बी तसाच दिसते, अजून यायचा," पलीकडचा एक म्हातारा म्हणाला. कोणी फारसे हसले नाही. सगळ्यांचे डोळे पेटीच्या अर्ध्या काचेवर होते.

तिथे मुनीम दिसत होता. रिसीव्हर त्याने दोन्ही हातांनी धरला होता. दार घट्ट लावलेले होते. त्याच्या डोक्यावर लाल आकडे पळत होते आणि ओठ हलत होते. बाहेर चहा उकळल्याचा आवाज येत होता. गंजाच्या दारातून एक बंडी आत गेली, तिच्या चाकाची कुरकुर ऐकू आली. पेटीतून काहीही आले नाही.

शेठ पुढे वाकला. कानामागे हात धरला. मग मावशीकडे वळला.

"तुले आयकू येते काय?"

"कायचं?" मावशी म्हणाली. "ते तं नुसते तोंड हालवून राह्यले."

"मले वाटलं मुनीमजी पान खाऊन राह्यले," म्हातारा म्हणाला.

"आमाले नाई बा काई आयकू येत," बाकाच्या टोकावरून तिसऱ्याने सांगितले. त्याला कोणी विचारले नव्हते.

शेठने माझ्याकडे पाहिले. मला काही ऐकू येते का, एवढाच प्रश्न होता. नाही, असे मी सांगितले. ते खरे होते.

मुनीम बाहेर आला. शेठने दुपट्टा काढून दोघांच्या हातांवर टाकला आणि मुनीमाने त्याखाली बोटांनी भाव सांगितला. बाकावरच्या सगळ्यांनी शिष्टाचार म्हणून दुसरीकडे पाहिले. मग शेठ उठला, काउंटरपाशी गेला आणि बूथवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुह्यावर उगीच वहीम घेतला बे. इथून काईच फुटत नाई. मी सोता बसून पाह्यलं. राहू दे तुहा बूथ इथं, पाह्यजे तितके दिवस."

"जी, शेठजी," बूथवाला म्हणाला.  हा सगळा वेळ त्याने काउंटरची कड सोडली नव्हती.

प्रकरण तिथे मिटले असते. पण दुपट्ट्याखालचा आकडा शेठला कमी वाटला असावा, किंवा मुनीमाचे बोलणे मुंबईला नीट पोचले यावर त्याचा विश्वास बसला नसावा. तो दोन पावले गेला, थांबला, परत फिरला आणि पेटीत शिरला. नंबर लावला. गाद्यांची गरमी लागताच पायाने दार ढकलून धरले. एका कानात बोट घातले. डोळे मिटले.

"हाँ, मैं खुद बोल रहा हूँ!" चहावाल्याने स्टोव्ह बारीक केला. "मुनीम ने बराबर सुना क्या? क्या बोले? फिर से बोलो!" मग आकडा आला. रीतीप्रमाणे एकदा, आणि खात्रीसाठी दुसऱ्यांदा. "और सुनो! इधर से कुछ नहीं फूटता! मैंने खुद बाहर बैठ के देखा! एक अक्षर सुनाई नहीं देता! तुम्हारे उधर देखो, उधर से फूटता होगा!"

बाक रिकामा होऊ लागला. घाई कोणी केली नाही. आधी टोकावरचा उठला, मग म्हातारा काठी शोधत उठला. मावशीने लुगड्याची धूळ झटकली, तंबाखूची पिंक रस्त्याकडेला टाकली आणि बैलांकडे निघाली.

"झाला जावयाचा फोन," ती जाता जाता म्हणाली.

शेठ बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा घामाने आणि समाधानाने चमकत होता. बूथवाल्याने यंत्रातून बिल फाडले. मग खाली वाकून गठ्ठ्याची दोरी सोडली, वरची पत्रिका काढली, चारही कोपऱ्यांना हळद लावली, आणि बिलासोबत शेठच्या हातात ठेवली. पहिली पत्रिका. शेठने ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली, आणि मुहूर्त किती वाजताचा आहे ते सबंध गंजाला ऐकू जाईल अशा आवाजात वाचले.

त्यानंतर माझा नंबर आला. त्या दिवशी माझ्याकडे बातमी एकच होती, सात्नाळा धरणाच्या कालव्याला पाणी सुटणार असल्याची. ती मी दार लावून सांगितली.